पोटातल्या लेकराला तंबाखूचा बार

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आले की शिरपूर जैनच्या शिवारात सकाळी सातपासूनच बायांच्या टोळ्या दिसू लागतात. एकराचा गुत्ता ठरलेला असतो, त्यामुळे पाठ सरळ करायलाही कोणी थांबत नाही. दुपारी भाकर खाऊन झाली की कमरेच्या पिशवीतून पुडी निघते. चिमूटभर तंबाखू, त्यावर बोटाच्या टोकाने चुना, तळहातावर दोन-चार वेळा मळायचे आणि ओठामागे बार धरायचा. टोळीत एखादी पाच-सहा महिन्यांची गरोदर असते. तीही हात पुढे करते आणि शेजारीण तिला चिमूट देते. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. त्याच बाईने बिडी पेटवली असती तर सगळ्या टोळीने काम थांबवून तिच्याकडे पाहिले असते.

खरी अडचण इथेच आहे. धूर दिसतो, बार दिसत नाही. आपल्या वस्त्यांमध्ये गरोदरपणी बिडी-सिगारेट ओढणारी बाई शोधून सापडणार नाही. पण तंबाखू-चुना, खर्रा, दाताला लावायची मशेरी, गुल किंवा नस यांचा हिशेब कोणी करत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढ स्त्रियांपैकी सतरा कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होत्या, आणि त्यातला बहुतेक वापर बिनधुराचा होता.

"आमच्या सासूने सात बाळंतपणे काढली, रोज तंबाखू खायची, काय झालं?" हा प्रश्न प्रत्येक वस्तीत ऐकू येतो. त्याला रागावून उत्तर देता येत नाही, कारण सासूबाई खरेच सांगत असतात. फक्त त्या सातांपैकी किती जगली, किती पोटातच गेली, जन्मली तेव्हा त्यांचे वजन किती होते, हे त्या काळी कोणी मोजलेच नव्हते. ज्यांनी पुढे मोजले त्यांना काय दिसले, ते आधी पाहू.

मुंबईतल्या गरोदर तंबाखू खाणाऱ्या बायांवर १९७८ साली डॉ. के. कृष्णा यांचा एक लेख ब्रिटनमधल्या स्त्रीरोगशास्त्राच्या नियतकालिकात आला. या बायांची बाळे न खाणाऱ्यांच्या बाळांपेक्षा १०० ते २०० ग्रॅम हलकी भरली होती. पुढे मुंबईतच डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन तीन ते सात महिन्यांच्या १,२१७ गरोदर बाया गाठल्या आणि त्यांची बाळंतपणे होईपर्यंत पाठपुरावा केला. त्यातल्या १७ टक्के बाया बिनधुराचा तंबाखू वापरत होत्या, तोही मुख्यतः मशेरी, म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची भुकटी. बहुतेकींच्या लेखी ते दात घासणेच होते. २००४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिक्षण, घरची परिस्थिती, आईचे वजन, रक्ताचे प्रमाण हे फरक हिशेबात धरल्यावरही तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि सहा दिवस आधी जन्मली. बत्तीस आठवड्यांच्याही आत, म्हणजे आठवा महिना नीट लागण्याआधी बाळ होण्याची शक्यता त्यांच्यात जवळपास पाचपट होती.

याच अभ्यासातला दुसरा आकडा २००६ साली आला, तो वाचवत नाही. तंबाखू न वापरणाऱ्या बायांमध्ये शंभरामागे तीन बाळे मेलेली जन्मली. वापरणाऱ्यांमध्ये शंभरामागे जवळपास नऊ.

कोणी म्हणेल, १०५ ग्रॅम म्हणजे किती, मूठभर तांदूळ. तीन किलोच्या बाळाला ते कदाचित जाणवणारही नाहीत. पण आपल्याकडे बाळे तीन किलोची कुठे असतात? अडीच किलोच्या आतले बाळ कमी वजनाचे मानतात. ज्या बाईच्या अंगात रक्त नाही, जी आठव्या महिन्यापर्यंत निंदायला जाते, जिचे पहिले लेकरू अजून दीड वर्षाचेच आहे, तिचे बाळ आधीच त्या रेषेच्या काठावर उभे असते. २,५५० ग्रॅमचे बाळ १०५ ग्रॅम गमावून २,४४५ वर येते, म्हणजे रेषा ओलांडून पलीकडे. तिथून पुढे अंग गार पडणे, दूध ओढायला ताकद नसणे, जंतुसंसर्ग, आणि जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या नवजात शिशू कक्षात काचेच्या पेटीत घालवायचे दिवस सुरू होतात.

हे सगळे मुंबईचे झाले, आपल्या विदर्भाचे काय, असे वाटत असेल तर नागपूरचा एक अभ्यास आहे. तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. शहरातल्या २१० गरोदर बायांचा पाठपुरावा केला, तेव्हा शंभरातली तीस बाळे कमी वजनाची निघाली. त्यामागची कारणे शोधताना रक्तक्षय सर्वांत वर आला, मग गरिबी, मग दोन बाळंतपणांतले कमी अंतर, आणि त्याच रांगेत तंबाखूचा संबंध. ज्यांचा तंबाखूशी संबंध होता त्यांच्यात कमी वजनाच्या बाळाची शक्यता सुमारे तिप्पट होती. ही रांग नीट पाहिली पाहिजे. तंबाखू सोडली म्हणजे सगळे झाले, असे नाही. पण रक्तक्षय आणि तंबाखू ही दोन वेगळी दुखणीही नाहीत. मुंबईच्या त्याच बायांमध्ये पुढे असेही आढळले की तंबाखू वापरणाऱ्यांत रक्तक्षयाचे प्रमाण जास्त होते. तोंडात बार असला की भूक मरते, जेवण अर्ध्यावर राहते आणि लोहाच्या गोळ्या डब्यात पडून राहतात.

आता हे घडते कसे? बाळ पोटात श्वास घेत नाही, खातही नाही. त्याचे अन्न, पाणी आणि प्राणवायू हे सारे वारेतून, नाळेवाटे येते. तंबाखूतले निकोटीन रक्तवाहिन्या आवळते. शेताला पाणी देताना पाइपवर पाय पडावा तसे वारेकडे जाणारे रक्त कमी होते. दिवसातून सहा वेळा बार धरला तर सहा वेळा तो पाय पडतो. शिवाय निकोटीन वार ओलांडून थेट बाळाच्या रक्तात जाते आणि त्याच्या मेंदूत व फुफ्फुसांत घडण चालू असतानाच लुडबुड करते. चुन्याचे कामही समजून घ्या. चुन्यामुळे निकोटीन मोकळे होते आणि ओठाच्या, हिरडीच्या नाजूक कातडीतून झपाट्याने रक्तात शिरते. म्हणून तर चुन्याशिवाय तंबाखूला 'चव' येत नाही. रस गिळला नाही, थुंकून टाकला, म्हणून काही बिघडत नाही, हा समज त्यामुळे खोटा आहे. विडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जास्तीचा असतो, तो बारात नसतो. पण बार अर्धा-अर्धा तास तोंडात राहतो आणि तेवढा वेळ निकोटीन झिरपत राहते.

खऱ्र्यात तंबाखू, चुना आणि सुपारी तिन्ही असतात. सुपारीतही अंगाला सवय लावणारा घटक आहे आणि तोही वार ओलांडतो. तेव्हा 'तंबाखू सोडून नुसती सुपारी खाते' हा मधला मार्ग गरोदर बाईने धरू नये.

बाळ जन्मल्यावर काय दिसते? काही बाळे पहिले काही दिवस चिडचिडी असतात. हातपाय थरथरतात, जरा आवाज झाला की दचकतात, रडे थांबत नाही, छातीला लावले तरी नीट ओढत नाहीत. नऊ महिने अंगाला मिळत असलेली वस्तू अचानक बंद झालेली असते. मोठ्या माणसाची तलफ आपण ओळखतो, त्या जिवाला सांगता येत नाही. घरातले लोक मात्र दृष्ट काढतात, घुटी पाजतात, कुठे अजूनही थोडी अफू चाटवून बाळाला झोपवतात. अफू बाळाचा श्वास थांबवू शकते. असे बाळ असेल तर ते छातीशी, कातडीला कातडी लावून उबेत ठेवावे आणि दवाखान्यात आई तंबाखू घेत होती हे स्पष्ट सांगावे. सांगायला लाज वाटली तर डॉक्टर दुसरेच काही शोधत बसतील.

गांजाचे काय?

आपल्या भागात गांजा ओढणारी गरोदर बाई मला माहीत नाही, आणि हा भाग त्यांच्यासाठी लिहिलेलाही नाही. तो त्यांच्या नवऱ्यांसाठी, दिरांसाठी आणि पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या आपल्याच पोरापोरींसाठी आहे. 'गांजा झाडाचा आहे, नैसर्गिक आहे, दारूसारखा नाही' हे वाक्य पानठेल्यावर सर्रास ऐकू येते. तंबाखूही झाडाचीच आहे.

गांजातला नशेचा घटक चरबीत विरघळतो, म्हणून तो अंगात दिवसेंदिवस टिकतो, वार ओलांडतो आणि अंगावरच्या दुधातही उतरतो. कॅनडातल्या ओटावा शहरात १९७८ पासून पीटर फ्राइड या संशोधकाने गरोदरपणी गांजा ओढणाऱ्या बायांची मुले जन्मापासून मोठी होईपर्यंत पाहिली. नवजात असताना ती जास्त थरथरत, जास्त दचकत. शाळेच्या वयात त्यांच्यात लक्ष टिकवण्याच्या अडचणी दिसल्या. त्याच देशातल्या ओंटारियो प्रांतात सहा लाखांहून अधिक बाळंतपणांची नोंद तपासून २०१९ साली आकडे प्रसिद्ध झाले. गांजा घेणाऱ्या बायांमध्ये शंभरातली बारा बाळे वेळेआधी जन्मली, न घेणाऱ्यांत सहा. गांजा घेणाऱ्या बाया बरेचदा सिगारेटही ओढतात, गरीबही जास्त असतात. म्हणून सारख्या परिस्थितीतल्या बायांची जोडी लावून पुन्हा पाहिले. फरक कमी झाला, पण मिटला नाही. एका बाजूला शंभरात दहा, दुसऱ्या बाजूला सात. तंबाखूइतका भक्कम पुरावा गांजाबाबत अजून जमलेला नाही, हे मान्य. पण जो आहे तो धोक्याच्याच बाजूचा आहे, आणि डॉक्टरांच्या संघटना गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांना गांजा पूर्ण बंद ठेवायला सांगतात. मळमळीवर औषध म्हणूनही नाही.

आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मिसळून, चिलमीत किंवा रिकाम्या केलेल्या सिगारेटीत भरून ओढतात. म्हणजे दोन्ही धूर एकत्र. दहा बाय बाराच्या खोलीत, पत्र्याखाली, दार लोटून कोणी ओढत असेल तर त्याच खोलीत झोपलेली गरोदर बाई आणि उद्याचे बाळही तो धूर घेतच असते. झोपेत बाळ अचानक दगावण्याचा धोका धुराच्या घरात वाढतो, हे तर पक्के माहीत आहे. कायद्याचे बोलायचे तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजा बाळगणे गुन्हा आहे. वस्तीतल्या एखाद्या पोराला त्यात धरले की घराची काय दशा होते, ते मी सांगायला नको.

तंबाखूचा कायदा वेगळा आणि जरा विनोदी आहे. १९९२ साली दंतमंजनात तंबाखू वापरायला केंद्राने मनाई केली, तरी मशेरी आणि गुल आजही दाताला लागतातच. २०१२ साली महाराष्ट्राने गुटखा आणि पानमसाला बंद केला. पुड्या कुठे मिळतात ते मात्र पाचवीतले पोरही सांगेल. कायद्याच्या भरवशावर आपल्या लेकी-सुनांची बाळंतपणे सोडता येणार नाहीत.

तिला कोणी विचारले का?

आशाताई किंवा सिस्टर नोंदणी करताना विचारतात, "काही व्यसन आहे का?" उत्तर येते, "नाही." बाई खोटे बोलत नसते. व्यसन म्हणजे दारू, असे तिच्या मनात पक्के असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली सांगितले की प्रत्येक गरोदर बाईला तंबाखूविषयी पहिल्या भेटीत आणि नंतरच्याही प्रत्येक भेटीत विचारावे. पण प्रश्न नीट विचारला तरच उत्तर मिळते. "ताई, तोंडात काय धरता? सकाळी दाताला काय लावता? मळमळलं की काय खाता?" असे विचारून पाहा. मग कळते की सकाळी तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही, दाढ दुखते म्हणून सुरू झाली, कोरड्या येतात त्या बाराने थांबतात, किंवा दुपारची भूक मरते. ही सगळी खरी दुखणी आहेत आणि प्रत्येकाला दुसरा उपाय आहे. पोट साफ होत नसेल तर पाणी, पालेभाजी आणि सिस्टरकडचे औषध. दाढ दुखत असेल तर दाताचा डॉक्टर. गरोदरपणी दाढेवर उपचार करता येतात. भुकेवर मात्र अन्नच लागते, आणि इथे विषय बाईच्या हातातून सुटून घराच्या हातात येतो.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला, तेव्हा बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे अशीच त्यांची भूमिका होती. आपल्या शेतमजूर बाईला आजही ती विश्रांती नाही. थकवा आणि भूक दाबायला तिला स्वस्तात मिळते ती पुडी. म्हणून नुसते "सोड" म्हणणे सोपे आहे. नवव्या महिन्यात तिला कामावर न पाठवणे अवघड आहे, आणि खरी मदत तीच आहे.

पैशांचाही हिशेब करून पाहा. घरात खर्रा आणि पुडी मिळून दिवसाला वीस रुपये जात असतील, तर नऊ महिन्यांत ५,४०० रुपये होतात. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे जे ५,००० रुपये मिळावेत म्हणून आपण कागद घेऊन चकरा मारतो, त्यापेक्षा हे जास्त झाले. आणि पुडी बहुतेक वेळा बाई विकत आणत नाही, घरातला पुरुष आणतो. तो आणतो, तीही त्यातली चिमूट घेते. तिने सोडावे असे वाटत असेल तर आधी घरातला डबा रिकामा झाला पाहिजे.

पंचशील आपण प्रत्येक वंदनेला घेतो. पाचव्या शीलाचा अर्थ अनेक घरांत फक्त दारूपुरता घेतला जातो. त्या शीलाचा रोख मात्र सावधपण घालवणाऱ्या वस्तूंवर आहे. तंबाखूने झिंग येत नाही, हे खरे. पण तलफ आली की माणूस काम, जेवण आणि रडणारे लेकरू सोडून पुडी शोधतो, त्याला सावधपण म्हणावे का, हे ज्याने त्याने ठरवावे. विहारात या विषयावर बोलायचे असेल तर गरोदर बायांना उभे करून बोलू नका. पुरुषांना समोर बसवा. कामठीचे बाबू हरदास, ज्यांचे नाव 'जयभीम' या अभिवादनाशी जोडले जाते, ते विडी कामगारांना संघटित करत होते. तंबाखूच्या धंद्याने आपल्या माणसांकडून घाम घेतला. विडी वळणाऱ्या बायांच्या हातातून आणि श्वासातून तंबाखूची धूळ आजही अंगात जाते. गरोदर असेल तर हे काम थांबवावे. निदान बंद खोलीत करू नये, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय जेवू नये.

सोडायची कशी, हे शेवटी उरते. जितकी लवकर तितके चांगले. पहिल्या तीन-चार महिन्यांत ज्यांनी सिगारेट सोडली त्यांच्या बाळांचे वजन कधीच न ओढणाऱ्यांच्या बाळांजवळ पोहोचते, असे परदेशातले अनुभव आहेत. सातव्या महिन्यात सोडली तरी फायदा होतो, कारण बाळाचे वजन शेवटच्या महिन्यांतच सर्वांत जास्त भरते. पहिले तीन-चार दिवस जड जातात. डोके दुखते, चिडचिड होते, झोप उडते. दोन-तीन आठवड्यांत ते ओसरते. तलफ काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळात पाणी प्यावे, बडीशेप किंवा भाजलेले फुटाणे तोंडात टाकावेत, उठून दुसऱ्या कामाला लागावे. दुकानात मिळणारी निकोटीनची गोळी किंवा च्युइंगगम गरोदर बाईने स्वतःच्या मनाने घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. शिरपूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाल तेव्हा तंबाखूचे तिथेच सांगा आणि रक्तही तपासून घ्या. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे, गांजा व इतर नशेसाठी १४४४६. मोबाइल नवऱ्याकडे असेल तर फोन त्याने लावावा, दोघांनी मिळून ऐकावे.

बाळंतपणानंतरही सोडता आली नसेल तरी अंगावरचे दूध तोडू नका. निकोटीन दुधात उतरते, पण दूध तोडल्याने बाळाचे नुकसान त्याहून मोठे होते. बार धरायचाच झाला तर बाळाला पाजून झाल्यावर धरा, पाजण्याआधी नाही, म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत दुधातले प्रमाण उतरलेले असेल. हात आणि तोंड धुऊनच बाळाला घ्या. आणि पुडी उशाखाली ठेवू नका. रांगणारे लेकरू हाताला लागेल ते तोंडात घालते, आणि थोडी तंबाखूही त्याला उलट्या, घाम आणि झटके आणू शकते. तसे झाले तर उलटी करवत बसू नका, उरलेली पुडी सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.